जुने व्हिडिओ संपादन सॉफ्टवेअर नव्या संगणकावर का बसत नाही?

लग्नसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलने, गावच्या जत्रा यांचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे चित्रीकरण ज्यांच्या संग्रही आहे, त्यांना नवा संगणक घेतल्यावर एक अडचण हमखास येते. त्या काळी वापरलेले संपादन सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसतच नाही. दोष सीडीचा असतोच असे नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही कार्यप्रणाली केवळ ६४ बिट स्वरूपात उपलब्ध आहे. तिच्यावर ३२ बिट सॉफ्टवेअर चालू शकते, १६ बिट मात्र चालत नाही. नव्वदच्या दशकातील काही सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिट होती, परंतु ती संगणकावर बसवणारा ‘सेटअप’ १६ बिटचा होता. त्यामुळे मूळ सॉफ्टवेअर चालण्याजोगे असूनही काम दारातच अडते. अशा मोजक्या परिचित सेटअपऐवजी ३२ बिट पर्याय वापरण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ मात्र येथे उपयोगी पडत नाही. मॅक संगणकांवर ऑक्टोबर २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद झाली.

सॉफ्टवेअर बसले तरी परवान्याचा प्रश्न उरतो. अडोबी कंपनीने ‘सीएस२’ मालिकेतील सॉफ्टवेअरची इंटरनेटवरून खातरजमा करणारा सर्व्हर बंद केला आणि जानेवारी २०१३ मध्ये जुन्या ग्राहकांसाठी खातरजमेची गरज नसलेली आवृत्ती उपलब्ध करून दिली. प्रत्येक कंपनी एवढी तसदी घेत नाही.

अधिकृत मार्ग बंद झाला की फसवणुकीला वाव मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘मूव्ही मेकर’चे पाठबळ जानेवारी २०१७ मध्ये संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईसेट या संगणक सुरक्षा कंपनीने, शोधयंत्रात अग्रक्रमाने दिसणारी त्याची बनावट आवृत्ती वापरकर्त्यांकडून पैसे उकळत असल्याचे उघड केले.

त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय म्हणजे आभासी संगणक. नव्या संगणकातच विंडोज एक्सपीची परवानाधारक प्रत स्वतंत्रपणे चालवून त्यात जुने सॉफ्टवेअर बसवता येते. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले असल्याने या आभासी संगणकाला इंटरनेट जोडू नये. फायरवायर केबलद्वारे टेपवरील चित्रण उतरवण्याचे काम मात्र त्यात सहसा होत नाही. त्यासाठी जुना संगणक सांभाळून ठेवलेलाच बरा.

जुने सॉफ्टवेअर सुरू होताच त्यातील प्रत्येक प्रोजेक्ट सर्वसाधारण व्हिडिओ फाइलच्या रूपात साठवून घ्यावा आणि पुढील संपादन नव्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. प्रोजेक्ट फाइलमध्ये सामान्यतः चित्रीकरण नसते. कोणते दृश्य कोठून कोठपर्यंत घ्यायचे, एवढीच नोंद असते. मूळ चित्रीकरणाच्या फाइल पुसल्या गेल्या असतील, तर प्रोजेक्ट उघडला तरी पडदा रिकामाच राहतो.