उट्रेख्तचं पत्र : काढून टाकलं का?

नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आयटीवाल्यांची बरीच कंत्राटं कॅलेंडर वर्षाला बांधलेली असतात. त्यामुळे डिसेंबर आला की जो तो एकमेकाला विचारतो, तुझं पुढं चालू आहे की थांबतंय? सोलापूरच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून, काही वर्षं पुण्यात काढून इकडं आलेली दोन मुलं माझ्या ओळखीची आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये दोघांचीही कंत्राटं थांबली. घरी फोन केला तेव्हा दोघांच्याही घरून पहिला प्रश्न आला, ‘काढून टाकलं का रे?’ काढून टाकलेलं नव्हतं. पण मग झालं काय, हे त्यांना सांगता येईना. म्हणून हे पत्र.

इथं नोकरदाराला कायद्याचं भक्कम पाठबळ आहे. मालकाने नोकरी संपवली तर नोकरीच्या दर वर्षामागे एक तृतीयांश महिन्याचा पगार भरपाई म्हणून मिळतो. शिवाय पुरेसे आठवडे काम झालेलं असेल तर बेकारी भत्ता : पहिले दोन महिने पगाराच्या ७५ टक्के, नंतर ७० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. स्वतंत्र काम करणाऱ्याला यातलं काहीही नाही. या लोकांना इथं ‘झेडझेडपी’ म्हणतात, आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकसंख्येच्या या देशात ते दहा लाखांहून जास्त आहेत. सुतार, नर्स, अनुवादक, प्रोग्रॅमर, सगळे त्यात आले.

डच दिवाणी संहितेच्या सातव्या भागातलं ४०८ वं कलम तर स्पष्टच सांगतं, की काम देणारा ते केव्हाही थांबवू शकतो. व्यवसाय म्हणून काम घेणाऱ्याला मात्र ठरलेली मुदत किंवा ठरलेलं काम अर्धवट सोडायचं असेल, तर सबळ कारण लागतं. या असमान तराजूत तोल आणते ती करारातली नोटिशीची ओळ. ती एक महिन्याची आहे, दोन आठवड्यांची आहे की मुळात लिहिलेलीच नाही, यावर सगळं ठरतं. आपली मुलं तासाच्या दरावर घासाघीस करतात आणि नोटिशीचं कलम न वाचता सही करतात, याचं मला वाईट वाटतं. दर काम चालू असेपर्यंतच उपयोगाचा असतो.

त्या डिसेंबरात एकदम इतकी कंत्राटं का थांबली, याचं कारण वेगळं आहे. नाव स्वतंत्र, पण प्रत्यक्षात नोकर, अशी खोटी स्वतंत्रता रोखण्यासाठी २०१६ मध्ये इथं नवा कायदा आला. गोंधळ इतका झाला की त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं जवळपास थांबवूनच ठेवली होती. १ जानेवारी २०२५ पासून कर खात्याने ती पुन्हा हाती घेतली. पहिल्या वर्षी दंड करायचा नाही, पण बुडालेला कर मालकाकडून वसूल करायचा, असं धोरण ठरलं. अनेक मोठ्या संस्थांनी धोका नको म्हणून स्वतंत्र लोक घेणंच बंद केलं. त्याआधी, २४ मार्च २०२३ ला, इथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिलिव्हरू या कंपनीचे जेवण पोचवणारे सायकलस्वार नोकरच आहेत असा निकाल दिला होता. काम कोण ठरवतं, वेळ कोण ठरवतं, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं का, धंद्याची जोखीम कोणावर, अशा अनेक बाबी एकत्र तोलून बघायच्या, असं त्या निकालात आहे.

हे वाचताना मला सोलापूरचा पूर्व भाग आठवला. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. पान-तंबाखू कारखान्याचा, हात त्यांचे, जागा त्यांची, मजुरी हजार विड्यांमागे. त्या कारखानदाराच्या नोकर की स्वतंत्र? आपल्या देशाने याचं उत्तर फार आधी दिलं. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क असल्याचं सांगितलं. वळलेली विडी नापास करण्याचा अधिकार कारखानदाराकडे आहे, म्हणजेच कामावर ताबा त्याचा आहे, हा त्या निकालातला एक मुख्य धागा. डच न्यायाधीश २०२३ मध्ये ज्या प्रश्नाशी झुंजले, तोच हा प्रश्न. विडी कामगार बाईच्या हाती शेवटी पडतं ते थोडंच. फंडातली किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे आणि त्यासाठीही कागदपत्रांचे हेलपाटे असतात. तरी तत्त्वाने तिला जे मिळालं, ते उट्रेख्तमध्ये तासाला नव्वद युरो घेणाऱ्या तिच्या मुलाला नाही. काम संपलं की त्याच्यामागे कोणीच उभं नाही.

थांबवण्याची रीत मात्र इथली मला मनापासून आवडते. दहा मिनिटांची बैठक होते, ‘बजेट संपलं, महिनाअखेर थांबू’ असं समोर बसून सांगतात आणि पुढच्या मिनिटाला कॉफी विचारतात. राग नाही, आडपडदा नाही. आपल्याकडून गेलेल्या माणसाला यात तुटकपणा जाणवतो आणि तो रात्रभर आपलं काय चुकलं ते शोधत बसतो. बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. निरोपाच्या दिवशी केक आणायचा तो जाणाऱ्याने, ही इथली पद्धत. तो आणावाच. देश लहान आहे; आज ज्याच्यासोबत केक खाल्ला तो दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत काम देणाऱ्याच्या खुर्चीत भेटतो.

शेवटच्या आठवड्यांत लक्ष द्यायच्या गोष्टी रुक्ष आहेत, पण भांडणं त्यांवरूनच होतात. नोकराने लिहिलेल्या कोडवर कायद्याने मालकाचा हक्क असतो. स्वतंत्र माणसाने लिहिलेला कोड मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याचाच राहतो. म्हणून बहुतेक करारांत हस्तांतराचं कलम असतं. ते पूर्ण पैसे मिळाल्यावर लागू होतं की आधीच, हे बघून ठेवावं. लॅपटॉप परत करताना पोच घ्यावी, सगळे पासवर्ड आणि प्रवेश बंद केल्याचं क्लायंटकडून लेखी घ्यावं. ग्राहकांची माहिती स्वतःच्या मशीनवर राहिली तर युरोपचा माहिती-संरक्षण कायदा आडवा येतो. २०२२ च्या जुलैपासून मोठ्या कंपन्यांना लहान पुरवठादाराचं बिल ३० दिवसांत चुकतं करावं लागतं. आणि बिलावर घेतलेला २१ टक्के कर आपला नसतो. शेवटच्या तिमाहीचा तो ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो, नेमका हातात काम नसताना.

आजारपणासाठी इथल्या स्वतंत्र लोकांनी स्वतःच एक सोय उभी केली आहे. २००६ पासून ‘ब्रोडफोन्ड्स’ नावाचे गट चालतात. वीस ते पन्नास माणसं दरमहा पैसे बाजूला टाकतात आणि कोणी आजारी पडलं की बाकीचे त्याला दरमहा, जास्तीत जास्त दोन वर्षं, थोडी थोडी रक्कम भेट देतात. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर लागतो तो आजारपणाचा. काम संपण्यासाठी असा गट नाही. तेवढे महिने स्वतःच्या शिलकीवरच काढावे लागतात.

सोलापुरात बसून डच क्लायंटचं काम करणाऱ्यांसाठी थोडं. वर सांगितलेला डच कायदा तुम्हाला लागू होईलच असं नाही. करारात कोणत्या देशाचा कायदा ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर युरोपच्या नियमानुसार साधारणपणे सेवा देणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा. पण दोन लाखांच्या थकबाकीसाठी कोणी परदेशी कंपनीशी कोर्टात लढत नाही. म्हणून सगळं काम झाल्यावर एक मोठं बिल पाठवू नका. दर महिन्याला बिल करा आणि एक बिल थकलं की पुढचं काम देण्याआधी विचारा. जीएसटी नोंदणी असेल तर परदेशी सेवेसाठीचं हमीपत्र (एलयूटी) दरवर्षी नव्याने भरायचं विसरू नका. आणि घरच्यांना करार सही होतानाच सांगून ठेवा, याची शेवटची तारीख अमुक आहे.