की-व्हॅल्यू डेटा संरचना आणि मराठी नावांचे संगणकीय लेखन

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश क्रमांक सांगितला की विद्यार्थ्याची नोंद मिळते. येथे क्रमांक ही 'की' व नोंद ही 'व्हॅल्यू' होय. अशा जोड्या साठविणाऱ्या रचनेस की-व्हॅल्यू डेटा संरचना म्हणतात. पायथन भाषेत तिला डिक्शनरी, जावामध्ये मॅप, तर पर्लमध्ये हॅश असे नाव आहे. प्रस्तुत लेखात या संरचनेचे कार्य आणि मराठी नाव 'की' म्हणून वापरताना उद्भवणारी अडचण यांचे विवेचन केले आहे.

संरचनेचे कार्य :
समजा, विश्रामबाग – ४१६४१५, सातारा – ४१५००१, कऱ्हाड – ४१५११० अशा गावांच्या व पिनकोडच्या जोड्या साठवावयाच्या आहेत. साध्या यादीत संगणकास एकेक नोंद क्रमाने तपासावी लागते. हॅश टेबल पद्धतीत मात्र 'की'मधील संकेतांकांवरून एक संख्या काढली जाते व तीवरून साठवणीचा कप्पा ठरतो. त्यामुळे नोंदी वाढल्या तरी शोधाचा सरासरी वेळ फारसा वाढत नाही. दोन नावे एकाच कप्प्यात आल्यास मूळ नावे ताडून पाहिली जातात. ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली.

मराठी 'की'चा प्रश्न :
संगणक शब्दाचा अर्थ अथवा दृश्य रूप पाहत नाही. तो केवळ संकेतांकांचा क्रम पाहतो. 'कऱ्हाड'मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' या स्वतंत्र अक्षरास हलन्त चिन्ह जोडतात. दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त चिन्ह व त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह जोडतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी त्या दोन भिन्न की ठरतात. 'कराड' हे रूढ लेखन धरल्यास एकाच गावाच्या तीन की होतात. परिणामी नोंद असूनही ती आढळत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत असे घडल्यास नुकसान विद्यार्थ्याचे होते आणि चूक डोळ्यांना दिसत नसल्याने ती शोधणेही कठीण जाते.

उपाय :
युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण हा भेद दूर करीत नाही. म्हणून पुढील दक्षता आवश्यक ठरते.
१. नोंद साठविताना व शोधताना अर्ध्या 'र'चे एकच रूप करून घ्यावे.
२. 'कराड'सारखी पर्यायी रूपे मूळ नावाशी जोडणारी स्वतंत्र की-व्हॅल्यू सारणी ठेवावी.
३. व्यक्तींच्या नोंदींसाठी नावाऐवजी क्रमांक हीच 'की' असावी.

निष्कर्ष :
की-व्हॅल्यू संरचनेत नोंद सापडणे 'की'च्या अचूकतेवर विसंबून असते. मराठीतून संगणकीय नोंदी ठेवताना लेखनाची एकरूपता हा केवळ शुद्धलेखनाचा विषय न राहता नोंद सापडण्या-न सापडण्याचा विषय बनतो.