गर्दचं व्यसन अन् एचआयव्ही : दोन्हीवरची औषधं सोबत चालतात, मधेच बंद करू नका

शिरूर/दौंड : घरातलं पोरगं गर्दच्या नादी लागलं आणि तपासणीत एचआयव्हीही निघाला, की घरचे दोन्ही गोष्टी झाकतात. "आधी व्यसन सोड, मग बाकीचं बघू," असं सांगतात. इथंच चूक होते. एचआयव्हीचं औषध व्यसन सुटायची वाट न बघता सुरू करता येतं आणि व्यसनावरही औषध आहे.

सुटत का नाही?
गर्द अफूपासून बनतं. ते बंद केलं की नाक गळतं, जुलाब लागतात, अंग ठणकतं. याला 'टर्की' म्हणतात. ती सहन होत नाही म्हणून माणूस परत नशेकडे वळतो. त्यात एकच सुई दोघांनी वापरली की एचआयव्ही पसरतो.

औषध काय करतं?
ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते, गिळायची नाही. दुसरं औषध मेथाडोन, ते पातळ असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घेतली. 'नॅको'च्या केंद्रांवर हा उपचार मोफत असून डोस रोज कर्मचाऱ्यांसमोर घ्यायचा असतो. टर्की थांबते, ओढ कमी होते, सुई सुटते. माणूस कामाला लागतो आणि एआरटीची गोळीही वेळेवर घेतो.

"एक नशा सोडून दुसरी लावली," असं काहीजण म्हणतात. पण शुगरची गोळी रोज घेणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. हेही तसंच आहे.

हे लक्षात ठेवा
- पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी. आधी घेतली तर त्रास एकदम वाढतो.
- टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे या औषधांचा असर कमी होतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधं प्रत्येक डॉक्टरला सांगा.
- सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत, श्वास बंद पडू शकतो.
- मनाने उपचार सोडू नका. काही दिवसांच्या खंडानंतर जुन्या मापाने गर्द घेतलं तर जीव जाऊ शकतो.

जायचं कुठं?
शिरूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय इथं आधी एचआयव्ही तपासणी व समुपदेशनाची चौकशी करा. व्यसनाची ही औषधं प्रत्येक दवाखान्यात मिळत नाहीत, म्हणून जवळचं केंद्र समुपदेशकाला विचारा. फोनवर माहितीसाठी एचआयव्हीचा 1097 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे टोल फ्री नंबर आहेत. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्यामुळे गावात कळेल या भीतीने उपचार लांबवू नका.