निरोप आला, प्रथिन कुठे आहे?

मेंदूत अमुक जनुक ‘जागे’ झाले असे वाचले, की तिथे त्याचे प्रथिनही वाढले असणार, असे आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा मोजलेला असतो जनुकाचा निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए. तो मोजणे सोपे, एवढेच!

परभणीच्या शेतातली सरकीच घ्या. पावसाच्या ओलीने ती चार-सहा दिवसांत उगवते. १९६५ मध्ये ड्यूर आणि वॉटर्स यांनी सरकीत नवा आरएनए बनणे औषधाने रोखले. तरी प्रथिने बनत राहिली. निरोप कोरड्या बीतच पडून होते, ओलीची वाट पाहत.

चेतापेशीतही केंद्रकापासून दूरच्या शाखांत असे निरोप थांबून असतात. संकेत आला की तिथेच प्रथिन बनते. उलट, काही प्रथिने बनतात एकीकडे आणि जातात भलतीकडे. डोपामाइन घडवणाऱ्या विकराचा निरोप मध्यमेंदूत सापडतो. विकर मात्र लांब तंतूंतून अग्रमेंदूतल्या स्ट्रायटमपर्यंत पोचते. तिथला नुसता आरएनए मोजला तर विकर जवळजवळ नाहीच, असे वाटेल. पार्किन्सनच्या आजारात नेमके हेच तंतू झडतात, म्हणून ही गफलत महागात पडू शकते.

उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींवर २०११ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा प्रथिनांच्या प्रमाणातील सुमारे ४० टक्के फरकाचाच उलगडा आरएनएवरून झाला. त्या तर साध्या, आटोपशीर पेशी. हातभर लांब तंतू त्यांना नसतात.