चुकतंय कोण, आपण की क्लिक?

हेडफोनवर मेट्रोनोमची क्लिक ऐकत जीव ओतून गिटार वाजवली. टेक ऐकला तर सगळं बीटच्या मागे! वाटतं, आपणच तालात कच्चे. थांबा, गिटार विकायला काढू नका. आधी ट्रॅक झूम करून बघा. प्रत्येक बीट सारखाच मागे असेल, तर दोष बहुधा सेटिंगचा. कधी पुढे, कधी मागे असेल, तर मात्र रियाज कमी पडतोय, बॉस!

पहिला संशयित ब्लूटूथ हेडफोन. त्यात आवाज १००-२०० मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. १२० बीपीएमला अख्खा बीटच ५०० मिलिसेकंदांचा! त्यामुळे वायरवालाच हेडफोन लावा.

दुसरा, बफर. ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंद, १२८ म्हणजे जेमतेम ३. रेकॉर्डिंगपुरता बफर कमी करा. आवाज तडतडला, तर थोडा वाढवा.

तरीही मागेच? हेडफोन माइकला टेकवून नुसती क्लिक रेकॉर्ड करा. ती ग्रिडच्या जितकी मागे पडेल, तेवढी भरपाई लेटन्सी कॉम्पेन्सेशनमध्ये द्या. मग पुन्हा टेक घ्या, या वेळी न घाबरता.