खाणावळीची नवी पाटी

दुकानाची ओळख कशात असते, हा प्रश्न यंदा आमच्या वर्गापुढे प्रत्यक्ष रूपाने उभा राहिला. गावातील एखादे जुने उपाहारगृह निवडावे आणि त्याचे नाव, पाटी व पदार्थांचा तक्ता यांची नव्याने आखणी करावी, असे काम चित्रकलेच्या गुरुजींनी आम्हां सहा जणांस नेमून दिले. आम्ही लष्करातील एक जुनी मराठी खाणावळ निवडली.

आपले लष्कर मुळात खरोखरच लष्कर होते. सन १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपले ठाणे उज्जैनीहून ग्वाल्हेरीस आणले. किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेल्या छावणीची पुढे वस्ती झाली आणि छावणीचेच नाव तिला चिकटले. शिपायांमागून कारकून व शास्त्री आले आणि त्यांच्यासमवेत मराठी स्वयंपाकही आला.

व्यापारी छापेस इंग्रजीत ‘ब्रँड’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ जळते लाकूड. त्यावरून गुरांच्या अंगावर मालकीचा डाग देणे, असा अर्थ पुढे आला. तात्पर्य, वस्तू आधी आणि खूण मागाहून. आम्ही नेमके हेच विसरलो. आम्ही खाणावळीस ‘रॉयल मराठा’ असे भारदस्त नाव योजले आणि ढाल, तलवारी व किल्ल्याचा बुरूज यांनी पाटी सजविली. खाणावळीच्या काकांनी कागद शांतपणे पाहिला आणि विचारले, “बाळांनो, चित्र छान आहे. पण यात आपली आमटी कुठे आहे?”

आम्ही निरुत्तर झालो. मग गुरुजींनी आम्हांस दोन उदाहरणे सांगितली. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील ‘वैशाली’चे पूर्वीचे नाव ‘मद्रास हेल्थ होम’ असे होते. नाव पालटले, तरी इडली-डोशाची चव टिकली आणि गिऱ्हाईकही टिकले. याउलट घडले कॉफी हाउसच्या बाबतीत. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास आरंभ केला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. सन १९५७ पासून ही कॉफीगृहे ते स्वतः चालवू लागले. येथे मालकी पालटली. परंतु नाव जवळपास तेच राहिले आणि वाढप्यांचा फेटाही राहिला. यावरून आम्हांस उमगले की, काय बदलावे यापूर्वी काय बदलू नये हे ठरवावे लागते.

मग आम्ही एक दिवस खाणावळीच्या दाराशी बसून काढला. रोजच्या माणसांस पाटीची गरजच नव्हती. ती न पाहताच ती आत शिरत. नवखे मात्र पाटीपाशी थबकत आणि पुढे निघून जात. लिपी हिंदीचीच, म्हणून अक्षरे वाचता येत. पण ‘पिठले’ म्हणजे काय, ‘कोशिंबीर’ म्हणजे काय, हे कळत नसे. शिवाय ‘खाणावळ’ या शब्दातील ‘ळ’पाशी त्यांची जीभ अडखळे, कारण हे अक्षर नेहमीच्या हिंदीत नाही.

“मग ‘ळ’च्या जागी ‘ल’ घालू या,” असे आमच्यातील एकाने सुचविले. काका म्हणाले, “अरे, हा ‘ळ’ म्हणायला आता घरातली मुलेच कंटाळतात. निदान पाटीवर तरी राहू दे!” सुचविणाराने मान खाली घातली. त्याच्या स्वतःच्या तोंडीही ‘ळ’चा ‘ल’च होत असे.

अखेर जुने नाव तसेच ठेवून त्याखाली ‘घर जैसा मराठी भोजन’ ही ओळ आम्ही लिहिली. तक्त्यात प्रत्येक पदार्थाचे मराठी नाव, त्यापुढे हिंदीत त्याचा सोपा अर्थ, दर आणि जेवणाची वेळ दिली. तक्ता लावल्यावर काही दिवसांनी एका हिंदीभाषक गृहस्थांनी नाव घेऊन ‘पिठला’ मागितला. लिंग चुकले, पण पदार्थ पोहोचला!

या खाणावळीचे पुढे काय होणार, हे पाटीच्या हाती नाही. काकांचा मुलगा पुण्यास नोकरी करतो आणि चुलीपाशी उभे राहणारे दुसरे कोणी नाही. रंगाने अक्षरे उजळतात, हात निर्माण होत नाहीत. तथापि, ज्या दारावरून आम्ही रोज शाळेस जात होतो, त्याच्या आत काय आहे हे आम्हांस या निमित्ताने कळले. आता आमच्यातील तो मित्र ‘ळ’चा उच्चार जपून करतो. वाचकहो, आपणही त्या बाजूस गेलात, तर पाटी अवश्य वाचा आणि मग आत जाऊन जेवा.