मीटर टाकणार का?

अंधेरी स्टेशनबाहेर मी हात केला की रिक्षा थांबत नाही, नुसती मंदावते. 'कुठे?' जवळचं ठिकाण सांगितलं की मान हलते, रिक्षा पुढे. पूर्वी मी चिडायचे. मग एका काकांनी सुनावलं, ''ताई, गॅसच्या रांगेत तासभर गेला, आता सव्वीस रुपयांत ट्रॅफिकमध्ये अडकू?'' भाडं नाकारणं गुन्हाच आहे, पण त्यांचा हिशेबही खोटा नव्हता.

मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये पडतात, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पाव भाडं जास्त. सिग्नलला उभं राहिल्याचे पैसेही मीटर मोजतो. आकडा उगाच पळतोय असं वाटतं ते बरेचदा यामुळेच. आणि वांद्रे-सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाहीच. दादरला सोडा म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे समजावणं हा आमच्या घरचा वार्षिक कार्यक्रम!

तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारा रिक्षावालाच रात्री मी फाटकाच्या आत जाईपर्यंत दिवा सुरू ठेवून थांबतो, हेही खरं. तेव्हा बसल्यावर मीटर नव्याने सुरू झालाय ना ते पाहा, मुजोरी झाली तर नंबर टिपून आरटीओकडे तक्रार करा, आणि दहा-दहाच्या नोटा जवळ ठेवा.